चूलबंद ढकल

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या हितेंद्रकडे कूलरचं गवत बदलायचं काम दर रविवारी सकाळी साडेआठला निघे आणि साडेआठलाच संपे. संपे म्हणजे काय, तर फोनमधलं कामांचं ॲप टिंग करी, ‘कूलरचं गवत बदलणे, दर रविवारी’ अशी पाटी वर येई, हितेंद्र चहाचा कप खाली ठेवून गंभीर चेहऱ्याने ‘पुढे ढकला’ या बटणावर बोट टेकवी आणि पुन्हा कप उचली. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते खरोखर गवत बदलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी दिसत नाही. त्याच्या नाकातोंडात गवत गेलेलं असतं.

हितेंद्र आळशी नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये तो व्यवस्थापक होता आणि तिथे तुरीचा दाणासुद्धा त्याला विचारल्याशिवाय दुभंगत नसे. ते ॲप त्याने मिलसाठीच आणलं होतं. मिलमध्ये कोणी त्याला हात लावला नाही, म्हणून उरलेली डाळ घरी आणावी तसं ते त्याने घरी आणलं. पुन्हा पुन्हा येणारी सगळी कामं त्यात घातली. गच्चीवरची टाकी धुणे, दात दाखवणे, दर सोमवारी पहाटे चालायला जाणे. मग ‘भाऊबंद’ नावाची एक यादी करून ती जळगाव-धुळ्याकडच्या सगळ्या भावकीच्या फोनमध्ये सोडली. त्यात वाढदिवस, वर्षश्राद्धं, श्रावणातले कानबाईचे रोट, कोणाचं काय कधी आहे ते सगळं. गावच्या मास्तरांनंतर तारखांच्या बाबतीत भावकीने इतका विश्वास दुसऱ्या कशावर टाकला नव्हता.

या सगळ्या कामांत एक काम वर्षातून एकदाच येई. ‘१ जून. दिपमालाला तोरणमाळला नेणे. दरवर्षी.’

दिपमाला ही हितेंद्रची बायको. घरातच शिलाईचे वर्ग घेई, त्यामुळे बोलतानाही ती कापड वाया घालवत नसे. लग्नाला दहा वर्षं होत आली होती. १ जून हा लग्नाचा दिवस. लग्न झाल्यावर हितेंद्रने तिला सांगितलं होतं, ‘पुढच्या वर्षी आपण तोरणमाळला जाऊ, तिथे जूनमध्ये स्वेटर लागतं.’ ते स्वेटर तिने विणून ठेवलं. एकदा उसवून त्याची बाही लांब केली, एकदा उसवून घेर वाढवला, आणि तोरणमाळ दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकत राहिलं. ॲप येऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधी हितेंद्र तोंडानेच ढकलत असे.

याला कारण होते भिकन आबा आणि हिलाल नाना.

पूर्वी बाप पोराला हाताला धरून शाळेत घेऊन जाई. मास्तर विचारत, ‘जन्म कधीचा?’ बाप म्हणे, ‘गंज पाऊस पडना ना, त्या सालना.’ मास्तर टोपी नीट करत आणि १ जून लिहून मोकळे होत. अशा रीतीने निम्म्या खानदेशाचा जन्म एकाच दिवशी झाला. त्या दिवशी सुइणींची काय धावपळ झाली असेल, याचा विचार मात्र कोणी केला नाही.

भिकन आबा आणि हिलाल नाना हे हितेंद्रच्या वडिलांचे चुलत भाऊ. एकाच बैलगाडीतून शाळेत गेले, एकाच मास्तरांनी दोघांना एकच साल आणि एकच तारीख दिली. तेव्हापासून प्रश्न पडला तो असा की दोघांत मोठा कोण. ज्यांना ठाऊक होतं ती माणसं न सांगता गेली. पंगतीत पहिलं ताट कोणाचं, लग्नात पहिली टोपी कोणाच्या डोक्यावर, नवी नवरी आधी कोणाच्या पाया पडणार, सगळं यावर अडे. आबा सावद्याला केळीचा व्यापार करत. नाना एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात राहत. जळगाव या दोघांच्या मधोमध. त्यामुळे १ जूनच्या उन्हात हितेंद्र मोटरसायकलवर एका वर्षी आधी सावद्याला आणि मग धुळ्याला, दुसऱ्या वर्षी आधी धुळ्याला आणि मग सावद्याला असा पेढे घेऊन पळे. मागे बसलेल्या दिपमालाच्या हातातले पेढे एरंडोलपर्यंत बासुंदी झालेले असत. असा त्यांच्या लग्नाचा वाढदिवस.

या वर्षी मे महिन्याच्या मध्याला ॲपने टिंग केलं. तोरणमाळची पूर्वसूचना. हितेंद्रचं बोट सवयीने निघालं.

‘‘थांबा,’’ दिपमाला म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी तो शब्द स्पष्ट आला. तिने टाचण्या काढल्या. ‘‘मी खोली सांगून ठेवलीय. पहिली आणि दुसरी तारीख, दोन रात्री.’’

‘‘अगं, पण पहिलीला आबा-नाना...’’

‘‘यंदा तुम्ही ते बटण दाबलंत तर मी एकटी जाईन. आणि जायच्या आधी तुमचंच नाव त्या ॲपमध्ये घालून जाईन. हितेंद्र, दरवर्षी. वर्षातून एकदा टिंग करील, तेवढीच आठवण काढीन.’’

‘‘असं काय बोलतेस?’’

‘‘आणि तेव्हासुद्धा बघीन, ढकलता येतंय का.’’

हितेंद्र मिलमध्ये गेला, पण त्या दिवशी डाळ त्याला न विचारता फुटली. दुपारभर त्याने विचार केला आणि त्याला एक सरळ, सुंदर, निर्दोष योजना सुचली. अशा योजनांपासून माणसाने जपून राहिलं पाहिजे. तोरणमाळहून ३ जूनला परतायचं. परतीच्या वाटेवर धुळं आधी लागतं, म्हणून ३ तारखेला नानांना पेढा. मग घरी मुक्काम. ४ तारखेला सावद्याला आबांना पेढा. वाढदिवस म्हणजे तरी काय, पुन्हा पुन्हा येणारं एक कामच. कूलर पुढे जातो, दात पुढे जातात, आबा का जाऊ नयेत?

त्याने ‘भाऊबंद’ यादी उघडली, आबांना ४ जूनवर नेलं, नानांना ३ जूनवर. ॲपने दोन्ही वेळा विचारलं: ‘फक्त ही वेळ?’ की ‘ही आणि पुढच्या सगळ्या?’

आता इथे खानदेशाबाहेरचा माणूस पहिलं उत्तर देऊन मोकळा झाला असता. पण आपल्याकडे आवतण दोन तऱ्हेचं असतं. घरटी एकाच माणसाला जेवायला सांगायचं तर ‘फक्त तुम्ही या’ असं सांगतात. मानाने सांगायचं असेल तर चूलबंद आवतण देतात, म्हणजे त्या दिवशी तुमच्याकडे चूल पेटवायची नाही, पोरासोरांसकट सगळ्यांनी यायचं. ‘फक्त’ म्हणून सांगितलेला माणूस येतो, जेवतो आणि पुढची वीस वर्षं बोलून दाखवतो. हितेंद्रच्या लग्नात एका मामांना चुकून ‘फक्त’ गेलं होतं. ते अजून ताटावर बसताना विचारतात, ‘एकटाच बसू ना?’ तेव्हा वडीलधाऱ्या माणसांच्या बाबतीत ‘फक्त’वर बोट ठेवायची हितेंद्रची छाती झाली नाही. त्याने दोन्हीकडे मोकळ्या मनाने चूलबंद दिलं. ‘ही आणि पुढच्या सगळ्या.’

भावकीतल्या यच्चयावत फोनांनी टिंग केलं. ‘हिलाल नाना, वाढदिवस, ३ जून, दरवर्षी. भिकन आबा, वाढदिवस, ४ जून, दरवर्षी.’

धुळ्याचा फोन आधी आला. नाना होते.

‘‘हितेंद्र बेटा, न्याय केलास.’’

‘‘कसला, नाना?’’

‘‘इतकी वर्षं मी बोललो नाही. म्हटलं, सत्य एक दिवस बाहेर येईल. एका दिवसानेच आलं! ३ आणि ४. मी तुझ्या काकूला म्हटलं, बघ, यंत्राला बरोबर कळतं.’’

‘‘नाना, ते मी जरा येण्या-जाण्याच्या सोयीने...’’

‘‘सोय-बिय काही सांगू नकोस. आणि आता तू बदलू नकोस.’’

फोन ठेवतो न ठेवतो तोच सावद्याचा आला.

‘‘हितेंद्र, मी भिकन बोली राहिनू.’’ आबा फोनवर नेहमी नाव सांगत, जणू दुसरं कोणी त्यांच्या आवाजात बोलणार होतं. ‘‘मना वाढदिवस चार जूनले?’’

‘‘हो आबा, म्हणजे कसं...’’

‘‘आनि हिलालना तीनले?’’

‘‘हो, पण...’’

‘‘म्हनजे हिलाल मोठा. पाऊनशे वरीस मी मोठा व्हतू, तू एक बोट दाबीसन माले धाकला करी टाका.’’ मागे कोणीतरी केळीचे घड मोजत होतं. ‘‘मी ई राहिनू.’’

हितेंद्रला वाटलं, आबा म्हणतात तसं, येतील कधीतरी. आबा २८ मे रोजी सकाळच्या बसने आले. पिशवीत दोन धोतरं, पानाचा डबा आणि केळीची एक फणी. दिवाणखान्यात कूलरसमोर खुर्ची ओढून ते बसले आणि त्यांनी जाहीर केलं, ‘‘तारीख बदलत नही तवलोंग मी आठून हालाव नही.’’

आतल्या खोलीत दिपमालाची बॅग भरलेली होती. वर घडी घातलेलं स्वेटर. तिने ते स्वेटर पाहिलं, आबांना पाहिलं, नवऱ्याला पाहिलं आणि चहा टाकायला गेली. हितेंद्रला ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

‘‘बदलतो आबा, आत्ता बदलतो,’’ तो म्हणाला. ‘‘२ जून करू? म्हणजे तुम्ही नानांच्या आधी.’’

‘‘कर.’’

त्याने २ जून केलं, चूलबंद. टिंग झालं. अर्ध्या मिनिटात धुळ्याहून फोन. ‘‘बेटा, हे काय चाललंय? तो तिथे बसलाय का? मला आवाज येतोय पानाच्या डब्याचा. माझा १ जून कर. होताच तो मुळात.’’

हितेंद्रने मुकाट्याने १ जून केला. टिंग झालं. आबांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, पाटी वाचली.

‘‘मना एकतीस मे.’’

‘‘आबा, असं कसं...’’

‘‘कर. आनि हाऊ तुना कूलर वास मारस. मासा मरना का त्यामा?’’

दिपमाला चहा घेऊन दारात उभी होती. हितेंद्रचा रडवेला चेहरा तिला दिसत होता, पण तिचं लक्ष चेहऱ्यावर नव्हतंच. धागा कुठल्या बाजूला ओढला जातोय हे शिलाईवाल्या बाईला लगेच दिसतं. ३ जून, २ जून, १ जून, ३१ मे. तिने चहा ठेवला आणि नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला.

‘‘अहो, उठा तुम्ही. तुम्हाला वडीलधाऱ्यांशी बोलता येत नाही.’’ आणि ती आबांपाशी वेताच्या मोढ्यावर बसली. ‘‘आबा, तुमचा ३१ मे केला. बरोबर आहे तुमचं.’’

‘‘देख! सूनले समजस.’’

‘‘पण नाना ऐकतील?’’

नाना ऐकणार नव्हतेच. फोन वाजला. दिपमालाने तो उचलून आतल्या खोलीत नेला. ‘‘नाना, नमस्कार. हो, बसलेत इथेच. मी म्हणते, तुम्ही का मागे राहता? ३० करू?’’

‘‘तूच खरी माझी मुलगी,’’ नाना म्हणाले.

पंचवीस मिनिटांत चहाचे तीन कप झाले. आबा २९, नाना २८. हितेंद्र भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या घरात दोन म्हातारे मेच्या उतारावरून मागे मागे घसरत होते आणि त्याची बायको त्यांना वरून तेल घालत होती. त्याने तिला कोपऱ्यात गाठलं.

‘‘अगं, हे काय करतेस? थांबव ना त्यांना.’’

‘‘कशाला थांबवू? आज तारीख किती?’’

‘‘अठ्ठावीस.’’

‘‘मग आबा आता कितीवर जातील?’’

‘‘सत्तावीस...’’ हितेंद्रने म्हटलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. डाळमिलमध्ये हिशेबाला तो पक्का होता, पण उजेड पडायला त्यालाही वेळ लागे.

आबांनी २७ मे सांगितली. दिपमालाने ती घातली. ॲपने टिंग न करता घुर्र केलं आणि आबांच्या नावापुढे लाल अक्षरं आली: ‘थकीत.’

‘‘काय लिखेल शे?’’ आबांनी फोन जवळ नेला. ‘‘थ-की-त? लाइटबिल शे का मी?’’

‘‘आबा, तुमचा वाढदिवस काल होऊन गेला आणि आमच्याकडून राहिला, असं म्हणतंय ते.’’

‘‘काल व्हई ग्या? आनि तुम्हीन पेढासुद्धा दिन्हा नही?’’

‘‘चुकलंच आमचं. आत्ता लगेच करते.’’

आणि तिने केलं. निरांजन, सुपारी, अंगठी, कपाळाला गंध. पेढा नव्हता, म्हणून गूळ-शेंगदाणा ठेवला. हितेंद्र पाया पडला. आबांचा राग ताटातल्या निरांजनासमोर टिकला नाही. ज्याला ओवाळतात तो माणूस आपोआप शहाण्यासारखा दिसायला लागतो. दिपमालाने ‘पूर्ण’ या चौकोनात बोट टेकवलं. लाल अक्षरं गेली, हिरवी खूण आली, आणि खाली लिहून आलं: ‘पुढची वेळ: पुढील वर्षी, २७ मे.’

‘‘यंदाचा झाला आबा,’’ दिपमाला म्हणाली. ‘‘आता थेट पुढच्या वर्षी.’’

फोन वाजलाच. नानांना २६ मे हवी होती, आणि थकीत तर मुळीच राहायचं नव्हतं. तेव्हा व्हिडिओवर नानांना ओवाळलं. नाना देवपुरात खुर्चीवर ताठ बसले होते आणि दिपमाला पिंप्राळ्यात फोनभोवती निरांजन फिरवत होती. काच तापली म्हणून हितेंद्र मधूनमधून फुंकर घाली. नानांनी डोकं वाकवून कॅमेऱ्यातूनच गंध लावून घेतलं. तिकडून नानांच्या बायकोचा, कोकिळाकाकूंचा आवाज आला, ‘‘लग्न ठरवताना मुलगा तीन वर्षांनी मोठा सांगितला होता. आज एका सकाळीत किती वाढले हे?’’

नानांच्या नावापुढेही हिरवी खूण आली. १ जून धुऊन पुसून मोकळा झाला.

आबांना मात्र उठताना खटकलं. ‘‘म्हनजे पुढला साले तो मनापेक्षा एक दिन मोठाच ना?’’

दिपमालाने याचाही विचार केला होता. तिने आबांचा फोन हातात घेऊन त्यांना दाखवलं. ‘‘हे बघा आबा. इथे दाबलं की तारीख मागे. आता तुम्हाला आमच्या दारात यायची गरज नाही. घरबसल्या हवं तेवढं मोठं व्हा.’’ आबांनी दोनदा करून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि दुपारच्या बसने सावद्याला गेले. बस सुटल्यावर तिने तोच धडा फोनवर नानांनाही दिला. न्याय म्हणजे न्याय.

१ जूनला पहाटे दोघं निघाले. या वेळी मिलमधून गाडी मिळवली होती, आणि ॲपवर ‘दिपमालाला तोरणमाळला नेणे’ ही पाटी उघडी होती. हितेंद्रने सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे बोट न उचलता पाहिलं. वाटेत फोन सारखा टिंगटिंग करत होता. आबा पुढच्या वर्षीच्या १९ एप्रिलवर होते, नाना १८ वर. पारोळ्याला आबा १७ वर आले. धुळ्याच्या बाहेरून जाताना नानांना महिन्याचा बाण सापडला असावा, कारण ते एकदम मार्चमध्ये गेले. शिरपूरला चहा पिताना आबा फेब्रुवारीत उतरले.

‘‘झोपतात कधी हे?’’ हितेंद्र म्हणाला.

‘‘तुम्ही समोर बघून चालवा.’’

शहाद्यानंतर नाना १ जानेवारीला पोचले. ‘‘आता संपलं,’’ हितेंद्र म्हणाला, ‘‘वर्षाच्या टोकाला आले. पुढे रस्ता नाही.’’ तेवढ्यात टिंग झालं. ‘भिकन आबा, ३१ डिसेंबर.’ मग घाट लागला आणि फोनची रेंज गेली.

तोरणमाळला काय केलं, तर काही नाही. तळ्याकाठी बसले, सीताखाईच्या दरीत डोकावले, मक्याची कणसं खाल्ली. संध्याकाळी गार वारा सुटला तेव्हा दिपमालाने ते स्वेटर अंगात घातलं. एका बाहीला एक रंग, घेराला दुसरा, गळ्याला तिसरा. ज्या ज्या वर्षी उसवलं त्या त्या वर्षी बाजारात जी लोकर मिळाली ती.

‘‘छान दिसतंय,’’ हितेंद्र म्हणाला.

‘‘खोटं नका बोलू. पण ऊब आहे.’’

त्याने फोन काढला, रेंज नसतानाच ‘पूर्ण’च्या चौकोनात बोट टेकवलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिने खात्री करून घेतली. ‘पुढची वेळ: पुढील वर्षी, १ जून.’ मग तिने फोन परत दिला नाही, आपल्या पर्समध्ये ठेवला.

३ जूनला घाट उतरताना पर्स थरथरायला लागली. दिपमाला वाचत होती. पुढच्या वर्षातून मागे येता येता दोघं म्हातारे ३१ डिसेंबर ओलांडून याच वर्षात शिरले होते. डिसेंबर, नोव्हेंबर, दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे तर चौदा-चौदा टिंग, मग गणपती, श्रावण, जुलै. शेवटचे दोन संदेश आजच्या सकाळचे होते. ते वाचून ती इतकी हसली की हितेंद्रला गाडी बाजूला घ्यावी लागली.

‘भिकन आबा, ४ जून. हिलाल नाना, ३ जून.’

‘‘हे तर मी केलं होतं तेच आलं,’’ हितेंद्र म्हणाला.

‘‘हो. तुम्ही एका बोटाने केलं होतं. त्यांना वर्षभर मागे चालत यावं लागलं.’’

‘‘पण इथे थांबले का?’’

याचं उत्तर देवपुरात अर्धं मिळालं आणि सावद्याला अर्धं. देवपुरात कोकिळाकाकूंनी जेवायला वरण-बट्ट्या केल्या होत्या आणि नानांचा फोन डाळीच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं होतं. ‘‘म्हटलं, पोरं आज या रस्त्याने येणार, तर आजचाच ठेवा आणि गप बसा,’’ त्या म्हणाल्या. नाना पेढा खाऊन प्रसन्न होते. हितेंद्रला अंगणात नेऊन ते हळूच म्हणाले, ‘‘तो ४ वर आहे ना अजून?’’

‘‘हो नाना.’’

‘‘एका दिवसाने का होईना. तू त्याच्यासमोर बोलू नकोस, मनाला लावून घेतो तो.’’

दुसऱ्या दिवशी दोघं सावद्याला निघाले. आबा पुन्हा धाकटे ठरले होते आणि आता ते उठून कुठे जाऊन बसतील याचा नेम नव्हता. पण आबा ओट्यावर पान लावत बसले होते, एखाद्या जिंकलेल्या माणसासारखे. पेढा खाल्ला, आशीर्वाद दिला, दिपमालाला केळीचा अख्खा घड दिला.

‘‘आबा,’’ हितेंद्रला राहवेना, ‘‘तुम्ही २ जून का नाही केलंत?’’

‘‘दोन तर होई जायेल व्हती. माले परत थकीत लिखी टाकतं त्ये. मी काय बिल शे?’’

‘‘मग नाना एका दिवसाने...’’

दिपमालाने त्याच्या पायावर पाय दिला, पण आबा हसत होते.

‘‘येडा शे तू. देख.’’ त्यांनी पानाचा डबा ओट्यावर मधोमध ठेवला आणि त्याच्याभोवती अडकित्ता गोल फिरवला. ‘‘आम्ही दोन्ही मांगे मांगे निंघनूत. बठ्ठं वरीस फिरनूत. हिलाल यंदाना तीन जूनवर ई थांबना. मी चार जूनवर शे, पन कोनता चार जून? मांगला सालना! मना फेरा पुरा व्हयना.’’

हितेंद्रने बोटांवर हिशेब केला. ‘‘म्हणजे...’’

‘‘म्हनजे मी त्यानापेक्षा एक दिन कमी एक वरीस मोठा. आते पंगतमा बोलू दे त्याले.’’ मग त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. ‘‘पन तू त्याले सांगू नको. राहू दे खूश. धाकला शे.’’

परतताना यावल आल्यावर दिपमाला म्हणाली, ‘‘दोघांपैकी एकानेही आता तारखेला हात लावला तर मी त्यांना तुमच्या ॲपसारखं विचारीन.’’

‘‘काय?’’

‘‘फक्त ही वेळ, की पुढच्या सगळ्या.’’

त्यानंतरच्या रविवारी सकाळी साडेआठला ॲपने टिंग केलं. ‘कूलरचं गवत बदलणे.’ कूलरला आता आबा म्हणाले होते तसा स्पष्ट माशाचा वास येत होता, आणि हा मासा काही आजकालचा नव्हता. हितेंद्रने चहाचा कप खाली ठेवला. दिपमाला समोर कापड बेतत होती. हातातली कात्री उघडी ठेवून ती त्याच्या बोटाकडे बघायला लागली. त्याने ‘पुढे ढकला’ दाबलं. ॲपने नेहमीचा प्रश्न विचारला.

मानपानाचा विचार करायला वेळ नव्हता. त्याने ‘फक्त ही वेळ’वर बोट ठेवलं. कात्री हळूहळू मिटली.

‘‘पुढच्या रविवारी नक्की,’’ तो म्हणाला.

‘‘उद्या,’’ दिपमाला म्हणाली.

‘‘उद्या सोमवार. सोमवारी मी चालायला जातो.’’

‘‘तेही करून बघा एकदा. येताना गवत घेऊन या.’’